ऑटोमॅटिक गाडीचं फायनल ड्राइव्ह ऑईल: कुठलं बूच, कुठलं ऑईल, किती?

घाटमाथा (सातारा)

गिअरबॉक्सचं ऑईल बदललं की ऑटोमॅटिक गाडीचं खालचं काम झालं, असं धरून चालणारे पुष्कळ आहेत. काही गाड्यांत ते खरंही आहे. काहींत मात्र फायनल ड्राइव्हचं, म्हणजे गिअरबॉक्समधून आलेली फिरकी शेवटी चाकांकडे देणाऱ्या दात्यांचं, ऑईल निराळं, त्याचं बूच निराळं, आणि गाडी दीड लाख किलोमीटर फिरली तरी आत कारखान्यातून आलेलंच ऑईल. पाऊस तोंडावर आलाय, हे काम कोरड्या दिवसांत उरकलेलं बरं, म्हणून धागा काढतोय.

आधी आपली गाडी कुठल्या जातीची ते बघा. इंजिन आडवं आणि पुढची चाकं ओढतात अशा गाडीत, म्हणजे होंडा सिटीचा सीव्हीटी किंवा व्हर्नाचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक, फायनल ड्राइव्ह गिअरबॉक्सच्याच पोटात असतो. दाते तिरके, पण शाफ्ट एकमेकांना समांतर. दातावर दात बहुतेक लोळत जातो, घसरणं कमी. त्याला गिअरबॉक्सचंच पातळ ऑईल पुरतं. तिथे वेगळं बूच शोधत बसू नका, नाहीये.

मागची चाकं ढकलणाऱ्या गाड्या, म्हणजे इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एन, थार, यांचा फायनल ड्राइव्ह मागच्या हाउसिंगमध्ये. क्राऊन म्हणजे मोठं दातेरी चाक, आणि त्याला फिरवणारं छोटं ते पिनियन. पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेलं असतं, त्यामुळे दात नुसता लोळत नाही, दाबाखाली घसरत जातो. साधं ऑईल त्या दाबाखाली पिळून बाहेर पडतं आणि लोखंडाला लोखंड लागतं. म्हणून तिथे गंधक-फॉस्फरसची भर घातलेलं जीएल-५ दर्जाचं गिअर ऑईल लागतं. डबा उघडल्यावर जो उग्र वास येतो तो त्याचाच.

फोर बाय फोर असेल तर पुढचा डिफरन्शियल (फायनल ड्राइव्हच्याच हाउसिंगमधला, डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळं फिरू देणारा भाग; ऑईल दोघांचं एकच) आणि ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी) असे आणखी दोन हिशेब. म्हणजे ऑटोमॅटिक फॉर्च्युनर फोर बाय फोरला गिअरबॉक्स धरून चार ठिकाणी ऑईल आहे. बिलावर एकच ओळ दिसली तर विचारायचं, की बाकीची तीन कुठायत?

तिसरी जात फसवी आहे: इंजिन उभं, तरी पुढची चाकं ओढणारी. जुनी सुपर्ब, पाच गिअरच्या टिपट्रॉनिक ऑटोमॅटिकवाली. तिच्यावर खाली कुणीतरी लिहीलच.

शेरेगाव नाका

क्रिस्टा ऑटोमॅटिक, ९० हजार झाले. सर्व्हिसच्या कागदावर "डिफरन्शियल ऑईल: चेक" असं दोनदा आलंय. चेक म्हणजे बदललं का?

घाटमाथा (सातारा)

नाही. चेक म्हणजे भरायचं बूच काढून भोकात बोट घातलं, ऑईल बोटाला लागलं, बूच लावलं. तेही झालं असेल तर. बदलल्यावर "रिप्लेस" लिहितात आणि बिलात ऑईलचे लिटर दिसतात. लिटर नाहीत तर बदललेलं नाही. नव्वद हजार म्हणजे उशीरच झालाय. मॅन्युअलमध्ये दिलेलं अंतर पाळा. ते हाताशी नसेल तर ४० हजाराला बदललं की चुकत नाही. सात माणसं आणि टपावर सामान घेऊन पसरणी, आंबेनळी करणाऱ्या गाडीला त्याच्याही आधी.

१०-१२ चा पाना (मिरज)

कृती मी लिहितो. मागच्या एक्सलची. ज्याच्याकडे पिट किंवा रॅम्प आहे त्यानंच करावं, कारण गाडी चारही चाकांवर सपाट असली पाहिजे. मागनं जॅक लावून उचललेल्या गाडीत भोकापर्यंत भरलेलं ऑईल सपाटीवर आल्यावर कमी किंवा जास्त ठरतं.

जॅकच लावायचा असेल तर एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. ऑटोमॅटिक "पी" मध्ये टाकली म्हणून निर्धास्त राहू नका. "पी" मधला खटका गिअरबॉक्सच्या बाहेर पडणाऱ्या शाफ्टला धरतो, चाकाला नाही. मागचं एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियल आपलं काम करतो: हवेतलं चाक उलटं फिरतं, जमिनीवरचं सुलटं, आणि शाफ्ट जागचा हलत नसताना गाडी जॅकवरून घरंगळते. हँडब्रेक ओढा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, हाउसिंगखाली दोन घोड्या द्या. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही.

१० ते १५ किलोमीटर चालवून आणा. कोमट ऑईल लवकर उतरतं आणि तळाला बसलेली लोखंडाची पूड सोबत घेऊन येतं. फार तापलेलं नको, हात भाजतो.

मग भरायचं बूच आधी उघडा. खालचं नंतर. क्रम बदललात आणि वरचं बूच गंजून आवळलेलं निघालं, तर गाडी रिकाम्या हाउसिंगनं पिटवर अडकली. न चालवता येते, न भरता येते. हे वाक्य वाचून हसणारे असतील, पण बुचाचे कोपरे गोल करून बसलेल्या गाड्या टो होऊन येतातच.

गोटी (सॉकेट) सहा कोनी घ्या, बारा कोनी नको. अॅलनचं (आत सहा कोनी खाच असलेलं) बूच असेल तर भोकातली माती तारेनं आधी खरवडून काढा. किल्ली पूर्ण आत बसली पाहिजे, अर्धवट बसली की खाच गुळगुळीत होते.

वरचं सुटल्यावर खालचं सोडा. धार आधी जाड पडते, मग बारीक, मग थेंब. थेंब तुटेपर्यंत १५-२० मिनिटं जाऊ द्या. तोवर बुचाचं चुंबक बघा. राखाडी मलम चिकटलेलं असतं. ते दोन बोटांत चोळायचं. काजळासारखं गुळगुळीत लागलं तर नेहमीची झीज, फडक्यानं पुसून टाका. रव्यासारखं रवाळ लागलं तर बेअरिंगकडे लक्ष द्या. आणि नखाएवढा चकचकीत कपरा मिळाला तर तो दाताचा आहे, नवं ऑईल ओतून तो जोडला जात नाही.

खालचं बूच नव्या वायसरनं लावा. वायसर तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा असतो, एकदा दबला की पुन्हा तसा दबत नाही. जुनाच लावून गळती थांबवायला बूच जास्त आवळतात, तिथे आटे जातात. टॉर्क मॅन्युअलमधून घ्या. बहुतेक गाड्यांत ४० ते ५० न्यूटन मीटरच्या आसपास असतो, म्हणजे हातभर पान्यानं एक नेटका हिसका. पान्याला पाइप लावून उभं राहायची गरज नाही.

भरायला हातपंप किंवा ऑईलची मोठी सिरिंज. बाटली उलटी धरून जमत नाही, वर जागाच नसते. ऑईल भोकाच्या खालच्या कडेला येऊन ओघळायला लागलं की थांबा. पाच मिनिटांनी पुन्हा बघा. ऑईल एक्सलच्या नळ्यांत पसरतं आणि पातळी थोडी उतरते, तेवढी भर घाला. टोयोटाचं माप भोकाच्या कडेपासून ० ते ५ मिलिमीटर खाली. करंगळीचं पहिलं पेर आत घालून खाली वळवलं की कळतं.

हळदबाजार

एवढं सगळं करून मिस्त्री म्हणतो "नव्वद नंबर टाकतो, तेच चालतंय". चालतं का?

१०-१२ चा पाना (मिरज)

नव्वद नंबर ही जाडी झाली, दर्जा नाही. जीएल-४ मध्येही नव्वद मिळतं, जीएल-५ मध्येही. सुट्टं नव्वद नंबर म्हणून पिंपातून जे मापून देतात त्याच्यावर काय छापलंय ते त्या दुकानदारालाही दाखवता येत नाही. ट्रॅक्टरच्या मागच्या पेटीत घालायचं ऑईल तर वेगळंच असतं, त्यात हायड्रॉलिक आणि ओले ब्रेक सांभाळायची योजना असते. ते क्राऊन-पिनियनला नको.

डब्यावर दोन गोष्टी वाचा: जीएल-५, आणि ७५डब्ल्यू-९० किंवा मॅन्युअलमध्ये असेल ती जाडी. नव्या गाड्यांना ७५डब्ल्यू-८५ सुद्धा सांगतात, मायलेजसाठी पातळ केलंय. सांगली-मिरजेत उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो म्हणून ८५डब्ल्यू-१४० घालणारे आहेत. गाडी रोज ओझं ओढत असेल तर त्यात अर्थ आहे. एरवी जाड ऑईल पिनियनच्या पुढच्या बेअरिंगपर्यंत थंड असताना वेळेवर पोचत नाही आणि गाडी जड चालते.

घाटमाथा (सातारा)

याला जोडून उलटी चूक. जीएल-५ "जास्त भारी" म्हणून एएमटीच्या गिअरबॉक्सात घालू नका. एएमटी म्हणजे साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, क्लच आणि गिअर यंत्रानं पडतात एवढंच. त्यातल्या पितळी सिंक्रो रिंगना (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) थोडं घर्षण लागतं. जीएल-५ तिथे घसरण वाढवतं, गिअर पडताना खरखर सुरू होते, आणि काही जीएल-५ मधली गंधकाची भर पितळ खाते. त्या पेटीत फायनल ड्राइव्हही असतो, पण समांतर दात्यांचा. कंपनी सांगेल तेच घाला. एएमटीच्या क्लचचं हायड्रॉलिक ऑईल तिसरंच असतं, ते यात मिसळायचं नाही.

डीएसजीवाल्यांसाठीही (स्कोडा-फोक्सवॅगनचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक): सात गिअरचा कोरड्या क्लचचा जो आहे त्यात गिअर आणि फायनल ड्राइव्हचं ऑईल एकच, १.७ लिटर, आणि मेकॅट्रॉनिकचं (गिअर-क्लच चालवणाऱ्या यंत्राचं) ऑईल निराळं. लेव्हल बघायला बूच नसल्यानं मोजूनच भरतात. सहा गिअरच्या ओल्या क्लचवाल्यात सगळं एकाच ऑईलवर.

थारवाला

मागे लॉकिंग डिफरन्शियल आहे. तेच जीएल-५?

१०-१२ चा पाना (मिरज)

जीएल-५ च, पण नुसतं तेवढं बघून घेऊ नका. तुमच्या डिफरन्शियलमध्ये आत क्लचच्या चकत्या आहेत. एक चाक चिखलात गरगरलं की त्या धरतात. त्यांना घर्षण मापात ठेवणारी भर लागते. ती नसलेलं ऑईल घातलं की यू-टर्न घेताना मागून कट-कट, थरथर. मॅन्युअलमध्ये लॉकवाल्या एक्सलला वेगळं ऑईल लिहिलेलं असतं, ते लिहिलेलंच घ्या. इथे दोनशे रुपये वाचवू नयेत.

कृष्णाकाठ (सांगली)

तुम्ही सगळे झिजेचं बोलताय. आमच्याकडे या ऑईलचा मोठा शत्रू पाणी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सांगलीत कृष्णेच्या पुराचं माप इरविन पुलाला: ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, २०२१ ला पुन्हा आलं. ज्या गाड्या दिवसचे दिवस पाण्यात राहिल्या त्यांचं सगळ्यांना माहीत आहे, त्या विमा कंपनीकडे गेल्या. प्रश्न त्या गाड्यांचा, ज्या "फक्त चाक बुडेपर्यंत" पाण्यातून काढल्या. इंजिनात पाणी नाही, सीट कोरड्या, गाडी सुरू झाली, मालक खूश. आणि तीन-चार महिन्यांनी मागून घाण्यासारखा आवाज.

त्याचं कारण असं. मागच्या हाउसिंगवर एक ब्रीदर असतो, बोटभर उंचीची टोपी किंवा वर नेलेली नळी. हाउसिंग तापलं की आतली हवा फुगून त्यातून बाहेर जाते. चालून तापलेली गाडी गार पाण्यात घातली की उलटं होतं. आतली हवा झटक्यात आकसते आणि ब्रीदरमधून बाहेरची हवा आत ओढली जाते. ब्रीदर पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणी ओढलं जातं. ब्रीदर चिखलानं बुजला असेल तर ती ओढ सीलच्या ओठांवर येते, आणि सील आतलं ऑईल अडवायला बनवलेलं असतं, बाहेरचं पाणी अडवायला नाही.

आत शिरलेलं पाणी जड म्हणून तळाला बसतं. गाडी चालली की क्राऊन ते घुसळतो. ताकासारखं, नाहीतर दुधाच्या कॉफीसारखं ऑईल दिसतं ते यामुळे. त्याच्यानं दोन दातांमधला थर टिकत नाही, आणि गाडी उभी राहिली की बेअरिंगच्या रोळांवर गंजाचे ठिपके पडतात. ते ठिपके म्हणजेच नंतरचा आवाज.

म्हणून पाण्यातून गाडी काढल्यावर, पाणी हबच्या वर गेलं असेल तर, वाट बघायची नाही. त्याच आठवड्यात खालचं बूच जरासं सैल करा, पूर्ण काढू नका. गाडी रात्रभर उभी असेल तर पहिलं काय येतं ते बघा. पाणी तळाला असतं, तेच आधी येतं. स्वच्छ ऑईल आलं तर बूच आवळा आणि गेलेले चार थेंब वरून भरा. पाणी किंवा पांढुरकं आलं तर पूर्ण उतरवा, नवं भरा, ५० ते १०० किलोमीटर चालवा, पुन्हा उतरवा. दुसऱ्या वेळीही पांढुरकं असेल तर तिसऱ्यांदा. मधल्या भरण्या स्वस्तातल्या जीएल-५ नं केल्या तरी चालतात, शेवटची मॅन्युअलप्रमाणे. डिझेल किंवा केरोसीन घालून "धुऊन" घेऊ नका, ते एक्सलच्या नळ्यांत साचून राहतं आणि नव्या ऑईलला पातळ करतं.

फोर बाय फोर असेल तर पुढचा डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केससुद्धा याच पद्धतीनं. 

आणि ऑटोमॅटिकवाल्यांनी गिअरबॉक्सची डिपस्टिक, नसेल तर चेकचं बूच, त्याच वेळी बघायचं. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल) लालसर दुधाळ दिसलं तर इंजिन सुरूच करू नका. पाण्यानं क्लचच्या चकत्यांवरचं अस्तर सुटतं, ते ऑईल बदलून परत चिकटत नाही.

शेरेगाव नाका

अशी गाडी वर्कशॉपला कशी न्यायची मग? पुराच्या वेळी ट्रॅक्टरला दोर बांधून ओढतात सगळे.

कृष्णाकाठ (सांगली)

तेच करू नका. ऑटोमॅटिकचा ऑईल पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि मागची चाकं जमिनीवर फिरतायत म्हणजे गिअरबॉक्स आतून कोरडाच फिरतोय. सपाट पाठीच्या टो-गाडीवर (फ्लॅटबेड) चढवून न्या. तशी गाडी मिळतच नसेल तर मागचा प्रोपेलर (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणारा लांब शाफ्ट) सोडा. डिफरन्शियलच्या फ्लँजला चार बोल्ट असतात. सोडण्याआधी फ्लँज आणि प्रोपेलरवर रंगाची एक सरळ रेघ मारा, जोडताना रेघेला रेघ लावायची, नाहीतर ८० च्या पुढे थरथर येते. सुटलेलं टोक तारेनं वर बांधा. फोर बाय फोरला मात्र हा उपाय एकट्या मागच्या शाफ्टवर भागत नाही.

पाटणकर_घाट

ब्रीदरचं आणखी एक. पूर नसला तरी उसाच्या फडात, कच्च्या रस्त्यानं जाणाऱ्या गाड्यांचा ब्रीदर चिखलानं बंद होतो. मग कुंभार्ली चढताना हाउसिंग तापतं, हवेला वाट नाही, दाब अॅक्सलच्या सीलवर येतो. ऑईल मागच्या ब्रेक ड्रममध्ये उतरतं आणि लायनर भिजतात. मिस्त्री सील बदलतो, दोन महिन्यांत परत तेच. सील बदलायच्या आधी ब्रीदरची टोपी बोटांनी फिरवून बघा. मोकळी फिरली पाहिजे, उचलली तर वर-खाली व्हायला पाहिजे. जाम असेल तर डिझेलमध्ये बुडवून, हवा मारून साफ करा. फुकटात काम होतं.

ऑईल जास्त भरलं तरी लक्षण हेच. जास्तीचं ऑईल फेसाळतं आणि वाट मिळेल तिथून बाहेर येतं.

सुपर्ब_जुनी (कराड)

वर घाटमाथा यांनी तिसऱ्या जातीचं सोडलंय ते पुरं करतो. २००४ नंतरची पहिली सुपर्ब, व्ही-६, टिपट्रॉनिक. यात गिअरबॉक्स आणि फायनल ड्राइव्ह बाहेरून एकच ओतीव पेटी दिसते, पण आत दोन खण आहेत. एकात एटीएफ, दुसऱ्यात ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक. मध्ये सील. बाहेर तेलाच्या पॅनला एक बूच, बाजूला पेटीवर दुसरं बूच. इथे घोळ होतो. एटीएफ भरताना बाजूचं बूच उघडून त्यात एटीएफ ओतलं, किंवा फायनल ड्राइव्ह समजून पॅनचं बूच सोडलं आणि एटीएफ सांडलं. दोन्ही महागात.

बाजूचं बूच १७ मिलिमीटरच्या अॅलनचं. साध्या किल्ल्यांच्या संचात हे माप नसतं, आधी घेऊन ठेवा. पातळी त्याच भोकाच्या खालच्या कडेला. जुनं ऑईल सिरिंजला पातळ नळी लावून त्याच भोकातून ओढायचं. जेवढं निघालं ते बाटलीत मोजा. अशा खणांत एकूणच पाऊण ते एक लिटर असतं, त्यामुळे पाव लिटर कमी असणं म्हणजे मोठी तूट. मागच्या एक्सलमध्ये तेवढ्याच तुटीला दात तरी बुडालेले राहतात, इथे राहत नाहीत.

बूच काढल्या काढल्या ऑईल भसकन बाहेर आलं, पातळ आणि लालसर, तर मधला सील गेलाय. एटीएफ फायनल ड्राइव्हच्या खणात जातंय. एकीकडे गिअरबॉक्सची पातळी उतरते, गिअर घसरायला लागतात, दुसरीकडे क्राऊनचं ऑईल पातळ होत जातं. जमिनीवर एक थेंब नाही, म्हणून कुणाला संशय येत नाही. एटीएफ वारंवार कमी होतंय आणि गळती सापडत नाही असं असेल तर हे बूच आधी उघडा. नुसतं ऑईल बदलून हा दोष जात नाही, पेटी उतरवावी लागते.

हळदबाजार

सीआरव्ही ऑल व्हील ड्राइव्ह आहे, पेट्रोल. पार्किंगमध्ये पूर्ण स्टीअरिंग कापलं की मागून गुरगुर येते. फायनल ड्राइव्ह गेला?

सुपर्ब_जुनी (कराड)

बहुतेक नाही. सीआरव्हीच्या मागच्या डिफरन्शियलमध्ये पंपानं दाबला जाणारा क्लच आहे, आणि त्याला होंडाचं ड्युअल पंप ऑईल लागतं. ते जुनं झालं की वळताना क्लच धर-सोड करतो, तीच गुरगुर. ऑईल बदला, मग मोकळ्या मैदानात दोन्ही बाजूंना पूर्ण स्टीअरिंग कापून सावकाश गोल फिरवा, म्हणजे नवं ऑईल चकत्यांत शिरतं. यात साधं जीएल-५ घालू नका, मागच्या डिफरन्शियलमध्ये ते चुकीचं ठरणारी या धाग्यात हीच एक गाडी आहे. बुचांना चौकोनी खाच असते, ३/८ चा रॅचेट थेट बसतो.

पाटणकर_घाट

"हुं" आवाजावर कुणी लिहिलं नाही. ऑईल बदलून आवाज जाईल का हे आधीच ताडता येतं.

आवाज रस्ता बदलला की बदलतो, म्हणजे डांबरी ते सिमेंट, तर टायरचा. गाडी डावी-उजवीकडे झोकली की कमी-जास्त होतो, तर चाकाचं बेअरिंग. अॅक्सिलरेटर दाबला की येतो, सोडला की थांबतो, तर क्राऊन-पिनियनच्या पुढच्या बाजूची झीज. उलट, घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये सोडून दिली की येतो, तर दाताच्या मागच्या बाजूची. पसरणीनं वाईकडे उतरताना हे स्वच्छ ऐकू येतं, कारण इंजिन गाडीला धरून ठेवत असतं. अॅक्सिलरेटर दाबला तरी, सोडला तरी सतत, एकसुरी, वेगाबरोबर वाढणारा, तर पिनियनचं बेअरिंग धरा.

"आर" मधून "डी" मध्ये टाकताना एक "टक्" येतो, तो बऱ्याचदा फायनल ड्राइव्हचा नसतोच. प्रोपेलरचा क्रॉस ढिला किंवा सरकता जोड कोरडा. आधी ग्रीस मारून बघा.

झिजलेला दात नव्या ऑईलनं गप्प बसत नाही. मिस्त्री जाड ऑईल घालून आवाज दाबतात, सहा महिने दबतो.

१०-१२ चा पाना (मिरज)

पिनियनच्या सीलबद्दल एक लिहायचं राहिलं. प्रोपेलर जिथे जोडतो तिथून ऑईल उडून हाउसिंगवर काळा पट्टा येतो. सील स्वस्त, काम सोपं दिसतं: मधला मोठा नट काढा, फ्लँज ओढा, सील ठोका, परत आवळा. बिघाड त्या "परत आवळा" मध्ये आहे. बऱ्याच गाड्यांत त्या नटाखाली आत एक चेपणारी नळी असते. ती नेमकी किती चेपली त्यावर दोन बेअरिंगवरचा ताण ठरतो. इम्पॅक्ट गननं नट धडाधड आवळला की नळी जास्त चेपते, बेअरिंग आवळून बसतात, आणि महिन्याभरात निळे पडून जातात.

सोडण्याआधी नट, शाफ्टचं टोक आणि फ्लँज तिन्हीवर टोच्यानं एकाच ओळीत खुणा करा. नटाबाहेर किती आटे दिसतात ते मोजा. लावताना हातानं, त्याच खुणेवर आणून, केसभर पुढे. नळीच बदलली असेल तर हा उपाय नाही, मग शाफ्ट फिरवायला किती जोर लागतो ते मोजूनच आवळावं लागतं.

थारवाला

जुनं ऑईल काय करायचं? शेडच्या लाकडाला लावतात वाळवीसाठी.

कृष्णाकाठ (सांगली)

लावू नका. ओढ्यात, गटारात तर नाहीच, सगळं शेवटी कृष्णेला जातं. डब्यात भरून, पाण्याचं आणि बिनपाण्याचं वेगळं ठेवून, ज्या गॅरेजकडून अधिकृत रिसायकलवाला ऑईल उचलतो तिथे द्या.

शेरेगाव नाका

उद्या गाडी पिटवर घेतोय. भरायचं बूच हललंच नाही तर?

१०-१२ चा पाना (मिरज)

गंज सोडवणारा स्प्रे मारून अर्धा तास थांबा. बुचाच्या डोक्यावर हातोडीनं सरळ चार-पाच ठोके द्या, बाजूनं नको. हाउसिंग बिडाचं असेल तर बुचाभोवती जरा गरम करता येतं, अॅल्युमिनियमचं असेल तर करू नका. सहा कोनी गोटी, लांब दांडा, एकदाच सावकाश जोर, झटके नकोत. तरी नाही हललं तर खालच्याला हात न लावता गाडी तशीच बाहेर काढा आणि बूच वेल्डिंगनं काढून देणाऱ्याकडे न्या. नवं बूच आणि दोन वायसर आधीच खिशात असू द्या.